शेताची कड, भुकेची रेषा : पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (२७ जुलै १९११ – २८ जानेवारी १९९७) हे शेती आणि आहार या दोन क्षेत्रांत नमुना पाहणीचे शास्त्र रुजवणारे भारतीय संख्याशास्त्रज्ञ. देशात धान्य किती पिकते आणि किती माणसे उपाशी राहतात, या दोन प्रश्नांभोवती त्यांची सारी कारकीर्द फिरली. पहिल्या प्रश्नासाठी त्यांनी घालून दिलेली पद्धत आजही दर हंगामात महाराष्ट्रातल्या शेतांत ‘पीक कापणी प्रयोग’ या नावाने वापरली जाते. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरावरून मोठा वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. दोन्ही ठिकाणी कळीचा मुद्दा एकच होता : रेषा कुठे आखायची, आणि कडेवर जे येते ते आत धरायचे की बाहेर.

बुध ते लंडन

सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील बुध या गावी झाला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा तालुका. एक पाऊस चुकला तर वर्ष हातचे जाते, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्यांचे उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९३२ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

संख्याशास्त्राच्या इतिहासात ही वर्षे आणि ही जागा दोन्ही महत्त्वाची आहेत. कार्ल पिअर्सन १९३३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाचे दोन भाग करण्यात आले. एक रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेला, दुसरा कार्ल पिअर्सन यांचे पुत्र एगॉन यांच्याकडे. १९३४ मध्ये पोलंडहून येर्झी नेमन येऊन एगॉन यांना मिळाले. अनुमानाच्या पायाभूत तत्त्वांवरून फिशर आणि नेमन यांच्यात पुढे तीव्र मतभेद झाले. सुखात्मे यांनी मात्र दोन्हीकडून घेण्यासारखे ते घेतले.

नेमन यांनी १९३४ साली नमुना पाहणीवर एक युगप्रवर्तक निबंध प्रसिद्ध केला. पाहणीचे क्षेत्र वेगवेगळ्या स्तरांत विभागावे आणि ज्या स्तरात चढउतार अधिक तिथून नमुना अधिक घ्यावा, म्हणजे तेवढ्याच खर्चात अंदाज अधिक नेमका येतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. व्यवहारात यात एक अडचण होती. कोणत्या स्तरात चढउतार किती, हे पाहणीआधीच कळणार कसे? १९३५ साली सुखात्मे यांनी या अडचणीवर काम केले. आधी एक छोटी चाचणी पाहणी करून चढउताराचा अदमास घ्यावा. तो अदमास काटेकोर नसला तरी पद्धतीचा बराचसा फायदा पदरात पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. कागदावरचे सूत्र शेतावर नेताना काय लागते, याकडे त्यांचे लक्ष विद्यार्थिदशेपासूनच होते.

याच काळात त्यांनी फिशर यांच्या एका प्रश्नावरही काम केले. दोन गटांतील चढउतार सारखे नसतील, तर त्यांच्या सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे कसे ठरवायचे? फिशर यांनी सुचवलेले उत्तर नेमन यांना पटलेले नव्हते. ते उत्तर वापरायचे तर लांबलचक आकडेमोडीचे तक्ते हवे होते. सुखात्मे यांनी ते तयार करून १९३८ मध्ये ‘संख्या’ या भारतीय नियतकालिकात छापले. पुढे फिशर आणि येट्स यांच्या प्रसिद्ध सांख्यिकी तक्त्यांच्या पुस्तकात त्यांचा समावेश झाला. लंडन विद्यापीठाने सुखात्मे यांना १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. ही पदवी दिली.

भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेत काम केले. १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागात आले. त्यांच्या आयुष्यातले पहिले मोठे काम इथे सुरू झाले.

आणेवारीचे राज्य

त्या काळी पिकाचा अंदाज तीन आकड्यांच्या गुणाकारातून निघत असे : पेरणीखालचे क्षेत्र, त्या भागातले एकरी सर्वसाधारण उत्पादन, आणि त्या वर्षीची आणेवारी. क्षेत्राची नोंद गावदप्तरात होती आणि रयतवारी मुलखात ती बऱ्यापैकी विश्वासार्ह होती. ‘सर्वसाधारण’ उत्पादन म्हणजे नेमके कोणते, यावर प्रांताप्रांतांत एकमत नव्हते. आणेवारी तर निव्वळ नजरेची होती. गावकामगार उभे पीक पाहून ते रुपयात किती आणे आहे हे सांगत, आणि तो आकडा तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून प्रांतात चढत जाई.

या आकड्यावर महसूल अवलंबून होता. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या खाली गेले तर शेतसारा तहकूब करण्याचा नियम होता. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात सरकार आणि शेतकरी यांच्यातला झगडा नेमका याच आकड्याचा होता. पीक चार आण्यांच्या वर आहे असे सरकार म्हणत होते, खाली आहे असे शेतकरी म्हणत होते, आणि निवाडा करील असे मोजमाप कोणाकडेच नव्हते.

मोजून पाहण्याचे प्रयत्न अगदीच झाले नव्हते असे नाही. जॉन हबक या सनदी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात छोटी त्रिकोणी चौकट भाताच्या शेतांत टाकून यादृच्छिक पद्धतीने पीक मोजले होते. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून तागाच्या मोठ्या नमुना पाहण्या सुरू केल्या होत्या. पण सरकारी अंदाज आणेवारीवरच चालत राहिले. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. प्रांतात धान्य किती आहे याचे भरवशाचे आकडे सरकारजवळ नव्हते, ही गोष्ट तेव्हा लख्ख उघडी पडली. धान्याचे वाटप, आयात आणि शिधापत्रिका यांचे निर्णय घ्यायचे तर आधी पीक मोजणे भाग होते.

दोरी, खुंटी आणि तराजू

१९४३-४४ च्या हंगामापासून परिषदेने पंजाब आणि संयुक्त प्रांतात गव्हाच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. कापसाच्या बाबतीत असेच काम विनायक गोविंद पानसे वऱ्हाडात अकोला जिल्ह्यात करत होते. पुढे सुखात्मे आणि पानसे ही जोडीच झाली.

पद्धत अशी. तालुका किंवा तहसील हा एक स्तर धरायचा. त्यातली काही गावे यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडायची. निवडलेल्या गावात ते पीक असलेली दोन शेते तशीच निवडायची. शेतात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे. तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, एका आकड्याइतकी पावले शेताच्या लांबीने आणि दुसऱ्याइतकी रुंदीने टाकायची. जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. तिच्यापासून दोरी लावून ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद असा आयत आखायचा. त्याचे क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट, म्हणजे बरोबर १/८० एकर. त्या दोरीच्या आतले पीक कापायचे, मळायचे, उफणायचे आणि दाणे तोलायचे. ताज्या धान्यात ओल असते, म्हणून काही ठिकाणचे धान्य वाळवून पुन्हा तोलायचे आणि घट काढायची.

पावले मोजून जागा ठरवण्यामागे एक पक्के कारण आहे. माणसाला ‘साधारण’ पिकाची जागा निवडायला सांगितली की त्याचे पाय नकळत दाट, भरल्या ओंब्यांकडे वळतात. किंवा पीक कमी दाखवायचे असेल तर विरळ कोपऱ्याकडे. निवड हातातून काढून तक्त्याकडे दिली की हा कल उरत नाही. शिवाय अंदाजात चूक किती असू शकेल, तेही गणिताने सांगता येते. आणेवारीला ते कधीच सांगता आले नव्हते.

तुकडा केवढा असावा, या प्रश्नावर मात्र भारतीय संख्याशास्त्रातला एक मोठा वाद उभा राहिला. महालनोबिस बंगालमध्ये छोटे गोल तुकडे कापत होते. छोटा तुकडा स्वस्त पडतो आणि तेवढ्याच खर्चात पुष्कळ ठिकाणी जाता येते, हे त्यांचे म्हणणे सिद्धान्ताला धरून होते. सुखात्मे यांनी मुरादाबाद जिल्ह्यात बागायती गव्हावर प्रयोग करून पाहिला. वेगवेगळ्या मापांचे त्रिकोण, तसेच तीन फूट आणि दोन फूट त्रिज्येची वर्तुळे त्याच शेतांत आखून प्रत्येकातले धान्य तोलले. तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पादन फुगलेले निघाले. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात ही फूग सर्वांत जास्त होती.

कारण तुकड्याच्या कडेवर होते. रोप नेमके दोरीखाली आले की कापणारा त्याला बाहेर टाकण्यापेक्षा आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. १/८० एकराच्या आयताची कड ९९ फूट, पण ती ५४४.५ चौरस फुटांना वाटली जाते. दर चौरस फुटामागे एक पंचमांश फुटाहूनही कमी. चूक तीच, पण मोठ्या तुकड्यात ती विरून जाते. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आणि १९४७ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सुखात्मे यांनी हे निष्कर्ष मांडले.

दुसरा मतभेद मोजणार कोण याबद्दल होता. महालनोबिस यांना खास शिकवलेले स्वतंत्र अन्वेषक हवे होते. सुखात्मे आणि पानसे यांचे म्हणणे असे की, हे काम महसूल आणि शेती खात्याच्या गावपातळीवरच्या माणसांनीच करावे. म्हणजे पद्धत कायमची रुजेल आणि जिल्ह्याजिल्ह्यात दरवर्षी चालेल. त्यासाठी ती पद्धत साधी हवी आणि थोड्या हलगर्जीपणाने बिघडू नये इतकी मजबूत हवी. मोठ्या तुकड्याच्या बाजूने हेही एक कारण होते. दोन्ही बाजूंनी निबंध लिहिले गेले, उत्तरे-प्रत्युत्तरे झाली. सरकारी पीक अंदाजांसाठी अखेर परिषदेची पद्धत स्वीकारली गेली. नमुना पाहणीच्या इतर अनेक अंगांत महालनोबिस यांनी घातलेला पाया मात्र तितकाच मोलाचा आहे. १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी हे त्यांचेच काम.

संस्था आणि ग्रंथ

माणसे तयार झाली नाहीत तर पद्धत टिकत नाही. सुखात्मे यांच्या काळात परिषदेचा सांख्यिकी विभाग प्रशिक्षणाचे केंद्र बनला. याच विभागातून पुढे नवी दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था उभी राहिली. १९४७ च्या जानेवारीत इंडियन सोसायटी ऑफ अॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स स्थापन झाली. तिच्या उभारणीत सुखात्मे अग्रभागी होते. त्या वेळचे अन्नमंत्री डॉ. राजेंद्र प्रसाद तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि राष्ट्रपती झाल्यावरही त्यांनी ते पद सोडले नाही.

१९५४ मध्ये दोन ग्रंथ आले. नमुना पाहणीच्या सिद्धान्तावरचा सुखात्मे यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत आयोवा स्टेट कॉलेजच्या मुद्रणालयातून निघाला. पुढच्या आवृत्तीत त्यांचे बंधू, संख्याशास्त्रज्ञ बाळकृष्ण सुखात्मे सहलेखक झाले. दुसरा ग्रंथ पानसे यांच्यासह लिहिलेला, शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठी सांख्यिकी पद्धती सांगणारा. कृषी महाविद्यालयांतून तो पिढ्यान्‌पिढ्या ‘पानसे-सुखात्मे’ या नावाने ओळखला गेला. प्रयोगाची आखणी, विचरणाचे पृथक्करण, सहसंबंध हे विषय भारतातल्या हजारो कृषी पदवीधरांनी याच पुस्तकातून शिकले.

रोममधील दोन दशके

१९५० च्या दशकाच्या आरंभी सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून रोमला गेले. जवळजवळ दोन दशके ते तिथे होते. जगाची कृषिगणना, देशोदेशीचे अन्न ताळेबंद आणि अविकसित देशांतील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हे त्यांच्या विभागाचे काम. ज्या देशांकडे शेतीचे साधे आकडेही नव्हते, तिथे नमुना पाहणी पोचवण्यात त्यांच्या भारतातल्या अनुभवाचा मोठा उपयोग झाला.

इथे त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न आला : जगात उपाशी किती? संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी दोन तृतीयांश मानवजात भुकेली असल्याचे म्हटले होते. या विधानाने जगाचे लक्ष वेधले. पण अर्थतज्ज्ञांनी त्याचा आधार विचारला, तेव्हा समाधानकारक उत्तर मिळेना. देशाचे एकूण धान्य भागिले लोकसंख्या, आणि ही सरासरी गरजेपेक्षा कमी असेल तर सारा देश भुकेला, असा तो हिशेब होता.

१९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सुखात्मे यांनी हा प्रश्न नव्याने मांडला. सरासरीवरून उपाशी माणसे मोजता येत नाहीत. आहार घराघरांत कसा वाटला गेला आहे, ते पाहावे लागते. गरजही माणसागणिक वेगळी असते. सगळा समाज पोटभर जेवणारा असला तरी निम्म्या माणसांचा आहार सरासरी गरजेच्या खालीच दिसणार, कारण सरासरीचा अर्थच तो आहे. म्हणून भुकेची रेषा सरासरीवर न आखता तिच्या बरीच खाली, निरोगी माणसांच्या आहारातल्या नेहमीच्या चढउताराची खालची मर्यादा जिथे येते तिथे आखावी. या हिशेबाने जगातील १० ते १५ टक्के लोक उष्मांकांच्या दृष्टीने उपाशी, आणि अपुरा किंवा निकस आहार घेणारे सगळे धरले तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९६३ च्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीतही हेच आकडे आले. सोसायटीने त्यांना विल्यम गाय यांच्या नावाचे रौप्यपदक दिले.

१९६० च्या दशकात पोषणाच्या क्षेत्रात प्रथिनांच्या तुटवड्याची मोठी चर्चा होती. गरीब देशांना दूधभुकटी आणि प्रथिनयुक्त पिठे पुरवण्याच्या योजना आखल्या जात होत्या. सुखात्मे यांनी भारतातील आहार पाहण्या तपासल्या आणि वेगळाच निष्कर्ष काढला. ज्वारी, गहू आणि डाळ असा नेहमीचा आहार पोटभर मिळाला तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातूनच भागते. आणि पोट भरत नसेल तेव्हा खाल्लेली प्रथिनेही शरीर ऊर्जेसाठी जाळून टाकते. म्हणजे खरी उणीव पोटभर अन्नाची आहे. पुढच्या दशकात पोषणतज्ज्ञांचे मत मोठ्या प्रमाणात याच दिशेने वळले.

पुण्यातला वाद

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्याला परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेत काम करू लागले. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दररोज माणशी २,२५० उष्मांक देणारा आहार परवडत नाही तो गरीब, अशी त्यांची कसोटी होती. तिच्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

सुखात्मे यांचा आक्षेप रेषेच्या जागेवर होता. २,२५० ही सरासरी गरज आहे आणि तिच्या खालचा प्रत्येक जण उपाशी नसतो. अमेरिकन पोषणशास्त्रज्ञ शेल्डन मार्जेन यांच्यासह त्यांनी हा मुद्दा आणखी पुढे नेला. ब्रिटिश सैन्यातील नवशिक्यांच्या रोजच्या आहाराच्या आणि ऊर्जाखर्चाच्या नोंदी तपासून त्यांनी असे मांडले की, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. शरीर एका मर्यादेपर्यंत अन्नाचा वापर कमी-जास्त कार्यक्षमतेने करून स्वतःचा तोल सांभाळते. ही मर्यादा सरासरीच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत खाली जाते. रेषा तिथे आखली तर उपाशी लोकांचा आकडा दांडेकर-रथ यांच्या आकड्याच्या कितीतरी खाली येतो.

दांडेकर स्वतः संख्याशास्त्र शिकलेले होते आणि त्यांनी संख्याशास्त्रानेच उत्तर दिले. आहार पाहणीतले आकडे एका माणसाच्या एका दिवसाचे नसतात; अख्ख्या कुटुंबाचे आणि अनेक दिवसांचे असतात. एवढ्या बेरजेत रोजचे चढउतार एकमेकांत विरून जातात, मग त्यांच्या नावाने रेषा खाली ओढता येणार नाही. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचा आक्षेप शरीराबाबतचा होता. कमी अन्नावर माणूस तगतो, पण त्याची किंमत मोजून : मुलाची वाढ खुंटते, मोठ्यांचे अंगमेहनतीचे काम घटते. तगून राहणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. १९७० आणि १९८० च्या दशकांत हा वाद मुख्यतः ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर चालला. एकाच माणसाच्या गरजेतील बदलाचा सुखात्मे-मार्जेन सिद्धान्त बहुसंख्य पोषणतज्ज्ञांनी त्या टोकापर्यंत स्वीकारला नाही. सरासरी गरज म्हणजे भुकेची रेषा नव्हे, हा त्यांचा मूळ मुद्दा मात्र टिकला.

रेषा खाली आणण्यात भुकेची उपेक्षा नव्हती. खरोखर उपाशी असलेल्यांपर्यंत मदत पोचायची तर आधी ते कोण हे नेमके कळले पाहिजे, असे सुखात्मे यांना वाटे. अतिसार आणि जंतांनी पोखरलेल्या पोटात चांगले अन्नही वाया जाते, म्हणून पोषणाच्या कार्यक्रमात शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांना अन्नाइतकेच स्थान द्यावे, असे त्यांनी या काळात सातत्याने मांडले.

वारसा

भारत सरकारने सुखात्मे यांना पद्मभूषण देऊन गौरवले. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयातर्फे ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे. अन्न व शेती संघटना दरवर्षी जगातील अल्पपोषितांचा जो आकडा जाहीर करते, त्यामागची चौकट त्यांच्या १९६१ च्या निबंधातून आली आहे : देशाची सरासरी, आहाराची लोकांमधली विभागणी आणि सरासरीच्या खाली आखलेली किमान गरजेची रेषा.

पीक कापणी प्रयोग मेट्रिक मापांत आला, तेव्हा बहुतेक पिकांसाठी तुकडा १० मीटर बाय ५ मीटर ठरला. फुटांत मोजला तर तो जवळजवळ जुना ३३ बाय साडेसोळाच भरतो. पीक विमा योजनेत या प्रयोगांना नवे महत्त्व आले. महसूल मंडळातील कापणी प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली की त्या मंडळातील विमाधारक शेतकरी भरपाईला पात्र ठरतात. खटाव-माणच्या कोरडवाहू शेतकऱ्याला भरपाई मिळणार की नाही, हे काही मोजक्या शेतांतल्या खुंट्यांमध्ये ताणलेल्या दोरीवर आणि तिच्या कडेची रोपे कापणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर ठरते.